सतरा फुटी होडी आणि लेक मिशिगन: माझा ट्रोलिंगचा पहिला हंगाम

आईला फोनवर ट्रोलिंग म्हणजे काय ते सांगायला मला चांगली पाच मिनिटं लागली. माणूस चालतो तेवढ्याच वेगाने होडी चालवायची, मागे निरनिराळ्या खोलीवर आमिषं सोडायची आणि मासा लागेपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पेट्रोल जाळून बाजारातल्यापेक्षा महाग मासा आणायचा." हंगाम संपल्यावर मी हिशोब केला. तिचं म्हणणं खरं निघालं.

तरीही लिहितोय. २०२४च्या फेब्रुवारीत मी माहिती शोधत होतो तेव्हा जे काही सापडलं ते तीस-तीस वर्षं मासे मारणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेलं होतं. ट्रेलर पाण्यात कसा ढकलायचा इथपासून ज्याची सुरुवात आहे, त्याच्यासाठी कोणीच काही लिहिलेलं नव्हतं.

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी काउंटीत राहतो. लेक मिशिगन घरापासून वीस मिनिटांवर. याला तळं म्हणायला जीभ धजत नाही: ४९४ किलोमीटर लांब, १९० रुंद, सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. समोरचा काठ दिसत नाही. दहा वर्षं मी ते किनाऱ्यावर बसूनच बघत होतो.

२ मार्चला होडी घेतली. जुनी, सतरा फुटी, अॅल्युमिनियमची, साठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, ट्रेलरसकट ६,२०० डॉलर. विकणारे गृहस्थ निवृत्त होते, गुडघे गेले म्हणून विकत होते. घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. होडीच्या मागच्या पाटीवर उजव्या बाजूला बारा अक्षरांचा हल नंबर कोरलेला असतो. तो टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या, नंबरशी एकेक अक्षर लावून बघा. मी बघितला, आणि तरी घरी येऊन नोंदणीच्या अर्जात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप केला. त्या एका गोलापायी अर्ज नऊ दिवस अडकून राहिला.

विस्कॉन्सिनमध्ये सोळा फुटांच्या वरच्या मोटरबोटीला टायटल लागतं आणि नोंदणी तीन वर्षांची असते. सोळा ते सव्वीस फुटांच्या गटाची फी २०२४मध्ये ३२ डॉलर होती, टायटलचे वेगळे. खरा दणका विक्रीकराचा. खाजगी व्यवहार असला तरी नोंदणी करताना तो भरावाच लागतो, आणि माझ्या बजेटमध्ये तो धरलेलाच नव्हता. साडेतीनशेच्या वर गेले. अर्ज डीएनआरच्या, म्हणजे नैसर्गिक संसाधन खात्याच्या, गो वाइल्ड या पोर्टलवर होतो. स्टिकर टपालाने यायला तीन आठवडे लागले. 'डब्ल्यूएस'ने सुरू होणारा नंबर होडीच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना, निदान तीन इंच उंचीच्या ठळक अक्षरांत लावायचा. मी तो गॅरेजमध्ये थंडीत चिकटवला आणि सकाळी अर्धी अक्षरं जमिनीवर होती. अॅल्युमिनियम कोमट असताना चिकटवा.

लायसन्सची गंमत वेगळीच. १ जानेवारी १९८९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मोटरबोट चालवायला सुरक्षा कोर्सचं प्रमाणपत्र लागतं. माझा जन्म १९८४चा, बायकोचा १९९०चा. म्हणजे जिने आयुष्यात कधी हट्टाने होडी मागितली नाही तिला परीक्षा, आणि ज्याने घेतली तो मोकळा. मी लाजेखातर तिच्याबरोबर कोर्स केला. ऑनलाइन, दोन संध्याकाळी, प्रत्येकी ३५ डॉलरच्या आत. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले, हे ती अजून सांगते. मासेमारीचं वार्षिक लायसन्स तेव्हा २० डॉलरला होतं, शिवाय ग्रेट लेक्समधल्या सॅमन आणि ट्राउटसाठी १० डॉलरचा स्टँप. एका माणसाला तीनच गळ टाकता येतात. तू लायसन्स घेतलंस तर आपले सहा होतील, असं मी बायकोला म्हणालो. "म्हणजे मी जास्तीचे तीन गळ," ती म्हणाली. घेतलं मात्र.

सामानात लाइफ जॅकेट, फेकायची गादी, भोंगा, दिवे हे सगळं जुन्या मालकाने दिलं होतं. आपलं काम झालं अशा समजुतीत मी होतो. एप्रिलमध्ये कोस्ट गार्ड ऑक्झिलरीच्या स्वयंसेवकांकडून होडीची तपासणी करून घेतली. ती फुकट असते, काही कमी निघालं तर दंड होत नाही, सगळं बरोबर असेल तर स्टिकर मिळतो. आमच्या आकाराच्या होडीला ग्रेट लेक्सवर संकटाच्या खुणेसाठी फ्लेअर लागतात आणि ते बनवल्यापासून ४२ महिन्यांत कालबाह्य होतात. आमचे कधीच झाले होते. तपासायला आलेल्या काकांनी तारखेवर बोट ठेवलं आणि मला स्वतःला वाचायला लावलं. नवे फ्लेअर आणि हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओ मिळून दोनशे डॉलर गेले. त्या रेडिओला इथे वेगळं लायसन्स लागत नाही. संकटात हाक मारायचं चॅनेल १६ लावून ठेवायचं. किनाऱ्यापासून चार मैलांवर फोनची रेंज येते-जाते, त्याच्यावर विसंबू नका.

त्या काकांनी आणखी एक सांगितलं, ते मी होडीत स्टीअरिंगपाशी लिहूनच ठेवलंय: एक, दहा, एक. गार पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट हलवता येतील अशी दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. मे महिन्यात वरचं पाणी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस फॅरनहाइट असतं. मला विहिरीत पोहता येतं, याचा तिथे काडीचा उपयोग नाही. जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नाही.

ट्रेलर मागे घेणं मी एप्रिलचे तीन रविवार एका रिकाम्या पार्किंगमध्ये शिकलो. स्टीअरिंगचा खालचा भाग धरा, ज्या बाजूला ट्रेलर जायला हवा त्या बाजूला हात न्या. एवढंच. हे एक वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर एक दिवा वाचला असता.

१८ मे, शनिवार, पहाटे साडेचार. रसीन गावचा रँप, म्हणजे होडी पाण्यात सोडायचा उतार. वसंतात कोहो सॅमन तळ्याच्या दक्षिण टोकाला, किनाऱ्यालगत उथळ पाण्यात असतात. नवशिक्याला याहून सोपी संधी नाही. होडी पाण्यात गेली, मी ट्रेलर वर नेऊन लावला, परत आलो तर बायको होडीत उभी आणि तिचे बूट पाण्यात. तळाचा प्लग लावायचा राहिला होता. मागे रांगेत सहा गाड्या. मी गुडघाभर गार पाण्यात उतरून भोक चाचपत होतो तेव्हा कोणी हसलं नाही. एकजण धावत आला, म्हणाला "सगळ्यांचं एकदा होतं", आणि ट्रेलर परत खाली आणायला मदत केली. त्या दिवशी मासेमारी झाली नाही. दोन तास पाणी उपसलं आणि घरी गेलो.

पुढच्या शनिवारी प्रत्यक्ष सुरुवात झाली. छोटे नारिंगी डॉजर, म्हणजे पाण्यात डुलणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, आणि त्यामागे आखूड दोरीवर इवलीशी माशी, अर्थात खोटी. पण वेग जमेना. ट्रोलिंगला ताशी दोन ते पावणेतीन मैल हवेत, आणि आमचं साठचं इंजिन अगदी मंद ठेवलं तरी तीनच्या वर पळत होतं. लोक यासाठी दुसरं छोटं इंजिन बसवतात, ते दीड हजारांच्या घरात जातं. मी चाळीस डॉलरची कापडी पिशवी घेतली. उलट्या छत्रीसारखी, होडीच्या बाजूला बांधून पाण्यात सोडायची, ती होडीला मागे ओढते. वेग २.३वर आला आणि वीस मिनिटांत पहिला कोहो लागला. अडीच-तीन पौंडांचा, चंदेरी, होडीत आल्यावर सगळीकडे खवले उडवणारा. त्या सकाळी तीन मिळाले. मला वाटलं, जमलं.

जून कोरडा गेला. शनिवार-रविवार मिळून पाच बेत आखले, चार वाऱ्याने रद्द झाले. एनओएएचा, म्हणजे सरकारी हवामान संस्थेचा, किनाऱ्यालगतच्या पाण्याचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे निघताना, दोन्ही वेळा बघायचा. तळ्याच्या दक्षिण भागात मध्यावर ४५००७ क्रमांकाचा बोया, म्हणजे नांगरलेलं तरंगतं मोजमाप-यंत्र, आहे, तो मोसमात लाटांची उंची आणि पाण्याचं तापमान सांगतो. या तळ्याच्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात, खेटून येतात. एकीवरून उतरायच्या आत दुसरी नाकावर. आमच्यासाठी मी नियम केला: अंदाजात दोन फुटांच्या वर लाट असेल तर अंथरुणातच राहायचं.

शेजारी एक आजोबा आहेत, पन्नास वर्षं याच पाण्यात मासे मारलेले. चौथा बेत रद्द झाला तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर कुरकुरत होतो. ते म्हणाले, "प्लॅट बेचं ऐकलंयस?" नव्हतं ऐकलं. तळ्याच्या पलीकडच्या, मिशिगन राज्याच्या काठावरची ती खाडी. १९६७चा सप्टेंबर. आदल्या वर्षी मिशिगन राज्याने ऑरेगनहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेले कोहो सोडले होते, ते मोठे होऊन परतत होते, आणि अख्खा प्रांत वेडा झाला होता. बारक्या होड्या, वल्ह्याच्या होड्या, जे तरंगेल ते घेऊन माणसं पाण्यात. २३ तारखेला वादळाचा इशारा असूनही शेकडो जण गेले. सात जण परत आले नाहीत. "मासे त्या दिवशी भरपूर होते," आजोबा म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

जुलैत किंग, म्हणजे चिनूक सॅमन, खोल पाण्यात जातात, आणि तिथे माझं मे महिन्यातलं सगळं ज्ञान संपलं. इथे डाउनरिगर लागतो. होडीच्या कडेला हाताने फिरवायचं चाक, त्यावर तार, तारेच्या टोकाला दहा पौंडांचा शिशाचा गोळा. तुमच्या गळाची दोरी त्या तारेला एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. रॉड धनुष्यासारखा वाकून राहतो. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, रॉड क्षणभर ताठ सरळ होतो आणि मग पुन्हा वाकतो, या वेळी माशाच्या वजनाने. तो सरळ होण्याचा क्षण बघायची सवय लागायला हवी. पहिल्या दोन वेळा मला वाटलं चिमटा नुसताच सुटला.

जुने दोन डाउनरिगर मी २४० डॉलरला घेतले. दोन्ही बाजूंना डिप्सी डायव्हर लावले. या प्लास्टिकच्या चकत्या दोरीला बाजूला आणि खाली ओढतात. तळाच्या तबकडीवरचा आकडा जितका मोठा, तितकी ती होडीपासून लांब जाते. सहा गळांची परवानगी असली तरी आम्ही चारच टाकले. दोन माणसं, सतरा फूट आणि सहा दोऱ्या म्हणजे गुंत्याचं लग्न.

२० जुलै. पहाटे चारला निघालो, सात तास फिरलो, एकही मासा नाही. वर दोरीला चिकट, कापसासारखे पुंजके. हे काटेरी पाणपिसू, बाहेरून आलेले जीव. दोरीवर त्यांचा गोळा जमतो, रॉडच्या टोकाच्या कडीत अडकतो आणि रीळ फिरेनासं होतं. बोटांनी खरवडत बसायचं, दर पाच मिनिटांनी. त्यापेक्षा जाड गुळगुळीत दोरी वापरा, त्यावर ते कमी धरतात. हे कळेपर्यंत माझी नखं हिरवी झाली होती.

संध्याकाळी आजोबांना विचारलं की कोणतं आमिष लावू. त्यांनी उलट विचारलं, "साठ फुटांवर पाणी किती थंड होतं?" मला माहीत नव्हतं. मी मासे शोधत होतो. ते म्हणाले, मासे शोधू नकोस, थंड पाणी शोध. किंगला पन्नास ते पंचावन्न फॅरनहाइट लागतं. उन्हाळ्यात वरचं पाणी सत्तरच्या घरात जातं, खाली थंड थर बसतो, आणि दोन्हींच्या सीमेवर मासा असतो. पण ही सीमा वाऱ्याबरोबर हलते. पूर्वेचा वारा गरम पाणी आमच्या किनाऱ्यावर आणून रचतो, थंड थर खोल दबतो. नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा चार दिवस टिकला की वरचं गरम पाणी आत ढकललं जातं आणि त्या जागी खालचं थंड पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. मी आठ दिवस रोज फोनवर लाटांची उंची बघत होतो. वारा कुठून येतोय ते एकदाही बघितलं नव्हतं.

गोळ्याच्या वर तारेला लावायचं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र घेतलं, वर ओढून आकडा वाचायचा. ६५ डॉलर, आणि माझ्या मते हंगामातला सगळ्यात शहाणा खर्च. २० तारखेनंतर पाच दिवस नैर्ऋत्येचा वारा होता. २७ जुलैला पुन्हा गेलो. चाळीस फुटांवर ५९, पन्नासवर ५२. दोन्ही गोळे पंचेचाळीस आणि पंचावन्नवर ठेवले, अंधारात चमकणारे मोठे चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची पत्र्याची आमिषं, लावले, बॅटरीने चमकवून.

पाच वाजून दहा मिनिटांनी उजवा रॉड सरळ झाला.

बायको स्टीअरिंगवर होती. मी रॉड उचलला आणि रीळ नुसतं गात सुटलं. रिळावरचा सुटलेल्या दोरीचा आकडा दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे वीस फूट. मी काहीच करत नव्हतो, धरून उभा होतो. "आता काय करू?" तिने विचारलं. मलाही माहीत नव्हतं. इंजिन बंद करू नकोस, होडी सरळ ठेव, एवढं म्हणालो, आणि नशिबाने तेच बरोबर होतं. थांबलो असतो तर बाकीच्या तिन्ही दोऱ्या तळाशी गेल्या असत्या. वीस मिनिटांनी तो बाजूला आला, पाठ हिरवट काळी, त्यावर ठिपके. तिने जाळं आधी शेपटीकडून घातलं, तो उसळला, माझ्या पोटात गोळा. दुसऱ्यांदा डोक्याकडून घातलं. चौदा पौंड. दोघं फळीवर बसलो आणि बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, होडी वळतेय.

वळण्याचंही एक आहे. होडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या गळांचा वेग वाढतो, आतल्यांचा कमी होतो. वळणावर बाहेरच्या रॉडला मासा लागला तर समजा त्यांना जास्त वेग हवाय. आतल्याला लागला तर कमी. म्हणून आता मी मुद्दाम नागमोडी चालवतो. फक्त झटक्यात वळू नका. एकदा मी तसं केलं होतं, आणि दोन डिप्सी सोडवण्यात दीड तास गेला.

घरी माशाच्या पोटात सहा अलेवाइफ निघाले, वीतभर, अर्धवट विरघळलेले. सॅमन इथे आणले गेले ते यांच्यामुळेच. समुद्रातले हे मासे कालव्यांच्या वाटेने वर आले. रक्त शोषणाऱ्या लँप्रेने मूळचे लेक ट्राउट जवळजवळ संपवले होते, त्यामुळे त्यांना खाणारं कोणी उरलं नाही, ते बेसुमार वाढले, आणि १९६७च्या उन्हाळ्यात किनाऱ्यांवर त्यांचे ढीग सडले. हॉवर्ड टॅनर या मत्स्यतज्ज्ञांनी सॅमन सोडायचं ठरवलं ते याच काळात. माझ्या चमच्याचा आकार आणि चंदेरी रंग त्या सहा माशांसारखाच होता, हे मला तेव्हा सिंकपाशी कळलं.

आणखी एक बघायचं: शेपटीजवळ पाठीवर जो छोटा मांसल पर असतो, तो कापलेला आहे का. आमच्या किंगचा होता. म्हणजे तो हॅचरीतून, मासे वाढवायच्या केंद्रातून, सोडलेला, आणि त्याच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार असू शकते, सांकेतिक आकडे असलेली. डोकं कापून पिशवीत घालायचं, तारीख, जागा, लांबी लिहायची आणि ठरलेल्या ठिकाणच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं. खाण्याबाबत राज्याचा सल्ला वाचून घ्या. पीसीबी हे विषारी रसायन चरबीत साठतं, म्हणून कातडी, पोटाकडची चरबी आणि पाठीवरचा चरबीचा पट्टा काढून टाकायचा. मोठे लेक ट्राउट आम्ही सोडूनच देतो.

१० ऑगस्टला पाच मैल आत होतो. ईशान्येचा वारा दुपारी येणार होता, तो आठलाच आला. पाण्याचा रंग आधी बदलला, निळ्याचा राखाडी. त्या वेळी डाव्या रॉडवर मासा होता. मी बायकोकडे बघितलं, ती आधीच जॅकेटचे बंद ओढत होती. मासा जवळ आणायला आणखी दहा मिनिटं लागली असती. मी दोरी कापली, गोळे वर घेतले आणि परत निघालो. पाऊण तासाचं अंतर यायला एक तास वीस मिनिटं लागली, तीन-चार फुटांच्या लाटांत, तिरके तिरके घेत. रँपवर माझे हात स्टीअरिंगवरून सुटेनात. इंजिन बंद करायची लाल दोरी कमरेला होती, ती काढायचं विसरून मी तसाच उतरायला गेलो. एक आमिष आणि दीडशे फूट दोरी गेली. संध्याकाळी आजोबांनी किती मिळाले विचारलं. एकही नाही म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

हंगामात चौदा बेत, आठ फेऱ्या. अकरा कोहो, तीन किंग, एक स्टीलहेड ट्राउट. होडी धरून खर्च आठ हजारांच्या आसपास. पुढच्या वर्षी तो लायसन्स आणि पेट्रोलवर यायला हवा, असं मी घरात सांगतो.

शेवटची फेरी ५ ऑक्टोबरला. रँपवर होडी बाहेर काढली की निघण्यापूर्वी पाणवनस्पती झाडायच्या, सगळं पाणी काढायचं, प्लग उपसायचा. बाहेरचे जीव दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून हा नियमच आहे. मेनंतर मी तो प्लग गाडीच्या किल्लीलाच अडकवलाय, म्हणजे होडी पाण्यात सोडताना हातात येतो. हिवाळाभर तो तिथेच आहे. कोणाकडे गेल्यावर टेबलावर किल्ली ठेवली की कोणीतरी विचारतं हे पितळेचं काय आहे, आणि बायको मला सांगायची संधी न देता सांगते.